सिनेमातला तो प्रसंग डोक्यातून जात नाही, अभ्यास कसा करू?

बारावीच्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा तक्रार बहुधा ठरलेली असते. "दिवसभर घरातच असतो, पुस्तक समोर असतं, पण लक्ष नाही. मोबाईल काढून घेतला तरी तेच." बऱ्याचदा कारण साधं असतं: जागरण, अवघड गेलेला विषय, नको असलेली शाखा. काही मुलांचं लक्ष मात्र एका विचाराशी झगडण्यात संपलेलं असतं. हा विचार इतका भयंकर वाटतो की तो आईवडिलांना सांगायची हिंमत होत नाही. अशाच एका मुलाबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सतरा वर्षांचा, विज्ञान शाखेचा, सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातला. कॉलेजात नाव फक्त हजेरीपुरतं, अभ्यास सगळा घरी. आईवडील दिवसभर बागेत विरळणीच्या कामात, घरात तो आणि आजी. आई बाहेर जाऊन बसली, तेव्हा कुठे तो बोलू लागला.

"दिवाळीत मावशीकडे रात्री मोबाईलवर एक सिनेमा बघितला. त्यात मुलगा झोपलेल्या आईवर वार करतो. घरी आल्यावर आजी विळीवर भाजी चिरत होती आणि एकदम डोक्यात आलं, माझ्या हातून पण असं झालं तर?" मग बराच वेळ गप्प. "मॅडम, मी तसा आहे का हो?"

त्या दिवसापासून त्याने स्वयंपाकघरात जाणं सोडलं होतं. विळी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायचा, आजी दिवसभर शोधत बसायची. आजीजवळ झोपणंही बंद केलं. विचार आला की देवाचं नाव अकरा वेळा घ्यायचं, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पान वाचताना विचार आला, तर ते पान 'खराब' झालं म्हणून परत वाचायचं. इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या एकाच पानावर त्याची अख्खी दुपार गेली होती.

मी त्याला पहिली गोष्ट सांगितली, ती अशी विचारणा करणाऱ्या प्रत्येकालाच सांगते. नको असलेले, हिंसक, घाणेरडे विचार क्षणभर मनात चमकून जाणं हा आजार नव्हे. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की कुठलाही मानसिक आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांनाही असे विचार येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच असतो. फरक पडतो तो पुढे काय होतं यात. एकजण "काहीतरीच!" म्हणून भाजी निवडत राहतो. दुसऱ्याला वाटतं, हा विचार आला म्हणजे माझ्यात काहीतरी भयानक दडलंय. आजीवर जीव असणाऱ्या मुलालाच या विचाराची एवढी धास्ती बसते. जे सर्वांत प्रिय, नेमकं त्यालाच हे विचार धरतात.

मग विचार घालवायचा कसा? घालवायचा नाही. हे पालकांना पटवणं सर्वांत अवघड जातं, कारण "वाईट विचार मनात आणू नकोस" हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. नंतर मोकळीक दिल्यावर तर त्यांना अस्वल अधिकच आठवलं, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त. आमच्या या मुलाचा नामजप अशीच घंटी झाला होता. श्रद्धेने देवाचं नाव घेण्याला माझी कधीच हरकत नसते. पण विचार पुसण्यासाठी मोजून घेतलेलं नाव त्या विचाराचा धाक वाढवतं.

"मी तसा आहे का?" या प्रश्नालाही मी वारंवार उत्तर दिलं नाही. नीट समजावलं ते एकदाच. दर वेळी "नाही रे बाळा" म्हटलं की दिलासा दहा मिनिटं टिकतो आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न परत उभा राहतो. आईलाही तसंच करायला सांगितलं. तिला ते फार जड गेलं.

दिवसाचे कित्येक तास यात जात होते, म्हणून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं (नको ते विचार परत परत येण्याचा आणि ते शमवायला तीच तीच कृती करत राहण्याचा आजार) निदान करून गोळ्या सुरू केल्या. "गोळ्यांनी झोप येईल, मग अभ्यास?" ही वडिलांची चिंता रास्त होती, पण तिचं उत्तर डॉक्टरांनाच विचारायचं असतं, गोळी परस्पर बंद करायची नसते. या औषधांचा पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, हेही आधीच सांगितलेलं बरं.

अभ्यासाचं म्हणाल तर मागच्या खोलीतलं एकटं बसणं आधी बंद केलं. शांत घरात, बंद दाराआड, नुसती थिअरी वाचत बसलेल्या मनाला त्या विचाराशिवाय दुसरा सोबतीच नव्हता. आजीची जिथे सतत ये-जा असते, त्या सोप्यात टेबल आलं. सकाळी हात चालेल असा अभ्यास: गणितं, समीकरणं, आकृत्या, वाचन नंतर. आणि एक नियम: पान उलटलं की मागे यायचं नाही, विचार आला तरी आणि काही समजलं नाही तरी. पहिले काही दिवस तो घामाघूम व्हायचा. विचार आला तर "आला" एवढंच म्हणायचं आणि अर्धवट राहिलेलं गणित पुढे सोडवायचं, मन स्वच्छ होण्याची वाट बघत थांबायचं नाही.

विळी पायरीपायरीने परत आली. आधी ती जागेवर ठेवली, मग तो स्वयंपाकघराच्या दारात बसू लागला, मग आजीसमोर. पुढे तो स्वतः कांदा चिरू लागला, आजी शेजारी. हे घरच्यांनी आपल्या मनाने घाईत करू नये, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करावं.

या विचारांच्या जोडीला जगणंच नकोसं वाटणं, स्वतःला इजा करण्याची इच्छा, कुणीतरी हुकूम देत असल्यासारखे आवाज ऐकू येणं, यातलं काहीही असेल तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

जानेवारीत त्याने पूर्वपरीक्षा दिली. केमिस्ट्रीच्या पेपरात विचार आला होता म्हणाला, पण पेपर पूर्ण लिहिला. आईने विचारलं, "मग आता सिनेमे बंदच ना?" मी नाही म्हटलं. ऑनलाइन चित्रपटांवर १३+, १६+ किंवा फक्त प्रौढांसाठी अशी खूण असते, ती घरात सगळ्यांनीच पाळावी, आणि रात्री उशिरा एकट्याने असलं काही बघू नये. पण कुठल्या दृश्यात सुरी दिसेल या भीतीने टीव्हीसमोरून उठून जाणं हे विळी लपवण्यासारखंच आहे. परीक्षा संपल्यावर घरच्यांबरोबर बसून एखादा सिनेमा बघायचा, असं त्याचं आणि माझं ठरलं आहे.