वहीशी बोलायला बसताना

आईला जाऊन दोनच महिने झालेत आणि लिहायला बसलं की हात थिजतो, असं तू म्हणालीस. मग आत्ता तो दवाखान्यातला शेवटचा दिवस लिहूच नकोस. तिच्या हातचं पिठलं, फडताळातली तिची साडी, तिथून सुरुवात कर. जखम ओली असताना खोल खणू नये, हे मी वडिलांच्या वेळी घाई करून शिकले.

१९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं आपल्या आघातांबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहून झाल्यावर जास्त उदास झाले. पुढच्या ६ महिन्यांत मात्र आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. म्हणून लिहून उठल्यावर रडू आलं तर घाबरू नकोस. तोंड धू, चहा घे, थोडं चालून ये. झोपायच्या तोंडावर तर लिहूच नकोस, रात्र जड जाते.

शुद्धलेखन सोड. कुणी वाचेल ही भीती असेल तर पान फाडून टाक, चालतं. (मी आईवरचा राग लिहिलेली पानं बंबात घातली होती.) पण तेच वाक्य आठवडाभर गोल फिरत राहिलं, तर थांब आणि माणसाशी बोल. जीव नकोसा वाटला तर वही बाजूला ठेवून टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर लगेच फोन कर. मलाही कर, कितीही वाजता.