उत्तर: डिस्चार्जच्या वेळी सिस्टर काय बोलल्या ते आठवतच नाही

ताई, बाबांची अँजिओप्लास्टी झाली, सिस्टरांनी घाईघाईत फाइल वाचून दाखवली आणि घरी आल्यावर कुणालाच काही आठवेना, हे तुमचं वाचलं आणि आमचं घर डोळ्यांसमोर आलं. तेल-तूप, चालणं, तंबाखू यावर लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. गोळ्यांचं तेवढं सांगते. मी डॉक्टर नाही, डोस त्यांनाच विचारा.

आमचंही पुण्यातलंच हॉस्पिटल, नाव नको. कॅशलेसच्या मंजुरीत अख्खी दुपार गेली. मी खाली बिलिंगच्या खिडकीशी, आणि नेमकं तेव्हाच वर बाबांना 'समजावून' झालं. फाइलवर नुसतं ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), एचएस (झोपताना). फॅमिली डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेलं मेटोप्रोलॉल घरात होतंच, हॉस्पिटलने तेच दुसऱ्या कंपनीचं दिलं. नाव वेगळं, पट्टी वेगळी, बाबा दोन्ही घेत राहिले. जुनं काय बंद करायचं याची एक ओळ फाइलमध्ये नाही! नाडी मंदावली, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, परत अॅडमिट. जाब विचारला तर उत्तर काय, 'पेशंटची सही आहे.' अहो, त्या अवस्थेत माणूस घराच्या कागदांवरही सही करेल.

दुसऱ्या खेपेला वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "काका, आता तुम्ही मला सांगा, रात्रीची कुठली?" बाबांनी सकाळचीच उचलली. त्या चिडल्या नाहीत. पट्टीवर स्केचपेनने ठळक 'रात्री' लिहिलं, आणि चहानंतर येऊन पुन्हा विचारलं. आईलाही बसवलं, कारण घरी गोळ्यांची डबी तीच भरते. माझ्या मते हे शिकवणं डिस्चार्जच्या दिवशी नकोच, पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला की सुरू करायला सांगा. सिस्टरांवर कामाचा बोजा असतो, मान्य, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

स्टेंटनंतरच्या (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दातांच्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या तरी आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा. हार्टचं पंपिंग कमी असेल तर रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा, अंगात पाणी साठतंय का ते त्यावरून कळतं. तीन दिवसांत 2 किलोच्या वर गेलं तर लगेच फोन. आणि ते 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, हार्टच्या काही गोळ्यांबरोबर ते महागात पडतं.

फॉलो-अपला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, चूर्णांच्या बाटल्यासुद्धा, एका पिशवीत भरून न्या.