‘ताई, तू फक्त लिहून दे’

ब्रिटनमधल्या मराठी नर्सेसकडून बोटॉक्सविषयी तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच उत्तरं देते.

मी लेस्टरला नर्स आहे, व्ही३०० (नर्सला स्वतः औषधं लिहून देता येण्याचा कोर्स) झालंय. मैत्रिणीचं सलॉन आहे. गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर बघून मी प्रिस्क्रिप्शन लिहायचं, इंजेक्शन ती देणार. चालेल ना?

नाही. १ जून २०२५ पासून नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचा नियम आहे: सौंदर्योपचाराचं औषध लिहिण्याआधी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष समोर बसवून तपासायचं. डॉक्टरांना व्हिडिओवर बोटॉक्स लिहून द्यायला २०१२ पासूनच बंदी आहे. मधल्या काळात आपल्यातल्याच काहींनी दर सहीमागे ठरावीक पाउंड घेऊन याचा धंदा केला.

तपासायचं म्हणजे काय? कपाळाला आठ्या घालायला, भुवया उंचावायला सांगायचं. एखादी पापणी आधीच उतरलेली नाही ना, ते खिडकीच्या उजेडात बघायचं. मायस्थेनिया (स्नायू कमजोर होण्याचा आजार) आहे का, जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू आहे का, दिवस गेलेत का, हे विचारायचं. उत्तर देताना बाई सलॉनवालीच्या तोंडाकडे बघते का, तेही टिपायचं. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सची नेहमीची मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. अ‍ॅझालुर या दुसऱ्या ब्रँडची ५०, कारण एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाएवढं नसतं. सुई डोळ्याच्या खोबणीच्या कडेजवळ गेली की पापणी खाली येऊ शकते.

माझ्याकडे एक बाई डाव्या डोळ्यावर केस ओढून आली होती. टोचणारी फोन उचलत नव्हती, आणि लिहून देणारीला हिचं नावही आठवेना. काम सोपवताना टोचणारीला काय येतं हे बघितलं नाहीत, तर जाब तुम्हालाच विचारतील. मैत्रिणीचं सलॉन उद्या दुसऱ्या नावाने उघडेल. तुमचा पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा क्रमांक, गेला की गेला. होकार देण्याआधी युनियनला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी ‘काही होत नाही गं’ चालणार नाही.

टोचणारी नर्स नसली तरी कायद्याने चालतं, असं कोर्सवाले सांगतात.

इंग्लंडात चालतं, लिहून देणाऱ्याच्या सूचनेनुसार. परवाना पद्धत आणायचा अधिकार सरकारला २०२२ च्या कायद्याने मिळाला, वाट बघतोय. तोवर दोन दिवसांच्या कोर्सची चकचकीत सर्टिफिकेटं भिंतीवर लागतच राहणार.

फिलरला (ओठ-गाल भरायचं जेल) प्रिस्क्रिप्शन लागतं का?

नाही. पण तो विरघळवायला लागणाऱ्या हायल्युरोनिडेजला लागतं. फिलरने रक्तवाहिनी तुंबली, तर ते कोण लिहून देणार, हे ओठ पुढे करण्याआधी विचारा.

एकीच्या नावावरच्या बाटलीत उरलेलं औषध दुसरीला वापरलं तर?

वापरू नका. ज्या नावाने लिहिलं, तिचंच ते.

भाची १७ वर्षांची आहे. लग्नघरातले फोटो आहेत, थोडंसंच करायचंय.

१ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडात १८ वर्षांखालच्यांना केवळ दिसण्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं गुन्हा आहे. मामीने परवानगी दिली तरी.

पुण्यात नर्स आहे. ‘एनएमसीने नर्सेसना बोटॉक्स लिहायची मुभा दिली’ असा मेसेज फिरतोय. खरं का?

ती एनएमसी म्हणजे वर सांगितलेली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, ब्रिटनमधल्या नर्सेसची. भारतातली एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, डॉक्टरांची संस्था. नावाच्या आद्याक्षरांवर नोकरी पणाला लावू नका. तिथे हे औषध नोंदणीकृत डॉक्टरनेच लिहायचं.

तीन दिवसांपूर्वी ओळखीच्या बाईंकडून स्वस्तात बोटॉक्स घेतलं. आता गिळताना अडकतंय, जीभ जड झालीय. आपोआप जाईल का?

या बाईंना मी लगेच फोन करून हॉस्पिटलला पाठवलं. ४ जून ते १४ जुलै २०२५ एवढ्या काळात इंग्लंडात अशा इंजेक्शनांमुळे बोट्युलिझम (या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार) झालेले ३८ रुग्ण नोंदले गेले. बिनपरवान्याच्या मालाचा संशय होता. गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर ईमेल लिहीत बसू नका, ९९९ लावा. बाटलीचा फोटो असेल तर सोबत न्या. आणि ‘ओळखीची आहे’ म्हणून तिचं नाव डॉक्टरांपासून लपवू नका.