बॅटरी बदललेली जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

प्रश्न : पाच वर्षे वापरलेली एक इलेक्ट्रिक गाडी मी पाहून ठेवली आहे. या मॉडेलच्या बॅटरीत दोष निघाल्याने कंपनीने गाड्या परत मागवल्या होत्या आणि या गाडीची बॅटरीही दोन वर्षांपूर्वी विनामूल्य बदलून मिळाली, असे मालक सांगतात. त्यानंतर पावसाळी हवेत गाडी तीनदा सुरूच झाली नाही. सर्व्हिस सेंटरने दर वेळी ‘इन्सुलेशन फॉल्ट’चा (वीज अलग ठेवण्यातील दोषाचा) गाडीने नोंदवलेला कोड पुसून ती परत दिली. गेले सहा महिने ती बहुतेक उभीच आहे. किंमत याच वयाच्या इतर गाड्यांपेक्षा बरीच कमी आहे. पेट घेईल या भीतीने जिची बॅटरी काढावी लागली ती गाडी दारात नको, असे घरचे म्हणतात. तर बॅटरी नवी असल्याने हीच गाडी अधिक चांगली, असे मालक म्हणतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : घरच्यांची भीती आणि मालकांचा भरवसा, दोन्ही बॅटरीभोवतीच फिरत आहेत. माझ्या मते खरी अडचण आपल्या पत्रात ओझरत्या आलेल्या त्या तीनदा पुसलेल्या कोडमध्ये आहे. बॅटरीचा दोष काय होता हे कंपनीने शोधून काढले आणि त्यावर उपायही केला. गाडी बंद पडण्याचे कारण मात्र कोणी शोधलेले दिसत नाही.

आधी बॅटरीविषयी. परत मागवलेल्या गाड्यांवर नेमके काय काम होते, हे शेव्हरोले बोल्टच्या उदाहरणावरून समजेल. जनरल मोटर्सने २०२१ मध्ये तोपर्यंत बनवलेल्या सुमारे १,४०,००० बोल्ट गाड्या परत मागवल्या. एलजीने पुरवलेल्या काही सेलमध्ये ॲनोडची (ऋण टोकाची) पट्टी फाटलेली आणि सेपरेटर, म्हणजे दोन टोके वेगळी ठेवणारा पातळ पडदा, दुमडलेला होता, आणि हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले तर आग लागण्याचा संभव होता. पुढे अनेक गाड्यांच्या बॅटरीचे मोड्यूल (सेलचे गट) बदलले गेले आणि त्यांवर ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांची नवी वॉरंटी मिळाली. पण नंतरच्या वर्षांत बनलेल्या काही गाड्यांमध्ये नवे सॉफ्टवेअर घालून सुमारे ६,२०० मैल होईपर्यंत चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखायचे आणि त्या काळात दोष न आढळल्यास मर्यादा उठवायची, असा मार्ग कंपनीने घेतला. म्हणजे नोंदीत काम पूर्ण झालेले दिसले तरी बॅटरी बदललीच असेल असे नाही. म्हणून चेसिस क्रमांक देऊन कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे : पूर्ण बॅटरी बदलली की काही मोड्यूल, केव्हा बदलली, नव्या बॅटरीचा क्रमांक काय, आणि वॉरंटी त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते की मूळ वॉरंटीचाच उरलेला भाग लागू आहे, तसेच ती दुसऱ्या मालकाला मिळते का. उत्तरे समाधानकारक असतील, तर घरच्यांची भीती या गाडीपुरती तरी उरत नाही.

आता त्या कोडकडे वळू. इलेक्ट्रिक गाडीतील हाय-व्होल्टेज यंत्रणा गाडीच्या धातूच्या सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेली असते आणि त्यांच्यामधला विद्युतरोध गाडी स्वतःच मोजत असते. संयुक्त राष्ट्रांच्या आर१०० नियमानुसार डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) बाजूस हा रोध दर व्होल्टमागे किमान १०० ओहम, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत ४०,००० ओहम असावा लागतो. निरोगी गाडीत तो याच्या कितीतरी पट असतो. तो घसरला, की ‘इन्सुलेशन फॉल्ट’चा कोड उमटतो. अनेक गाड्या चालताना फक्त इशारा देतात, पण एकदा बंद केल्यावर कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी यंत्रणेला जोडणारा मोठा स्विच, जोडूच देत नाहीत. सुरू करताना नेहमी ऐकू येणारी ती ‘खट’ येत नाही आणि गाडी जागची हलत नाही. दमट हवेत दोष दिसावा आणि ऊन पडल्यावर नाहीसा व्हावा, यावरून कुठेतरी ओल शिरते आहे असा संशय घ्यायला जागा आहे. ती एखाद्या कनेक्टरमध्ये असेल तर काम किरकोळ असते; बॅटरीच्या पेटीत असेल तर ते मोठ्या खर्चाचे असते, आणि बॅटरी बदलताना पेटीचे सील नीट बसले नसणे हेही त्याचे कारण असू शकते. केबिनचा हीटर आणि एसीचा कॉम्प्रेसर हेही नेहमीचे संशयित आहेत. एसीत कधी बाहेरून गॅस भरून घेतला होता का, हे मालकांना अवश्य विचारावे. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरला पीओई प्रकारचे, विजेला विरोध करणारे तेल लागते आणि भरणाऱ्याच्या यंत्रातून साध्या गाड्यांचे पीएजी तेल त्यात मिसळले तर याच कोडचे दुखणे मागे लागते.

हे शोधण्याची पद्धत ठरलेली आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ एकेक भाग यंत्रणेपासून सुटा करून मेगरने (विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) त्याचा रोध मोजतो आणि कोणता भाग सुटा केल्यावर आकडा सुधारतो ते पाहतो. कामाला वेळ लागतो, म्हणून कोड पुसून हात झटकणे अनेकांना सोयीचे वाटते. हाय-व्होल्टेज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या केबलना आपण किंवा ओळखीच्या मेकॅनिकने हात लावू नये.

सहा महिने उभे राहणे त्या मानाने गौण आहे. बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली असताना गाडी उभी असेल तर सहसा काही बिघडत नाही. पूर्ण भरलेली किंवा जवळजवळ रिकामी असेल तर बिघडते. १२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र अशक्त झालेली असू शकते, आणि ती अशक्त असली की पडद्यावर एकमेकांशी संबंध नसलेले इशारे येऊ लागतात. तपासणीपूर्वी तीच बदलून घ्यावी, म्हणजे दिशाभूल होणार नाही.

बॅटरीची क्षमता पाहताना पडद्यावरच्या आरोग्याच्या टक्केवारीवर विसंबू नये. तो गाडीने केलेला अंदाज असतो. चार्ज ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येईपर्यंत गाडी चालवावी आणि खर्च झालेली ऊर्जा पाहावी. ती ३० किलोवॅट-तास भरली, तर वापरण्याजोगी क्षमता साधारण ५० किलोवॅट-तास निघते. याच फेरीत हीटर आणि एसी आळीपाळीने लावावेत, मग फास्ट चार्जरवर गाडी लावावी आणि रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी सुरू करून पाहावी.

दोषाचे कारण, बदललेला भाग आणि दुरुस्तीनंतर मोजलेला रोध लिहिलेला कागद मालकांनी दिला, तर ही गाडी मी घेण्याजोगी मानेन. तो शोध मालकांनी स्वतःच्या खर्चाने करावा. ते टाळत असतील आणि त्याऐवजी किंमत आणखी उतरवत असतील, तरी घेऊ नये, कारण दोष पेटीतच निघाला आणि वॉरंटीने हात वर केले तर नाकापेक्षा मोती जड होईल. तपासणीसाठी मुदत मागावी आणि तोवर विसार देऊ नये.