नेपाळची वीज, बांगलादेशचं बिल आणि आपल्या शेतातला टावर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण छापलं होतं की नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला जायला लागली. बातमी बारकी, पण त्यावर व्हॉट्सॲपवर इतके प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागला. बऱ्याच जणांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलं, त्यामुळं गाव तेवढं टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (औसा तालुका, शेतकरी): सर, आम्हाला थ्री फेज लाईट रात्री बारानंतर देऊ लालेत, अंधारात सापाकिरड्यात दारं धरायचे, आणि तुम्ही सांगू लालाव की भारत शेजारच्या देशाला वीज पाठवतोय. आधी आम्हाला द्या की, मग जगाला वाटा.

उत्तर: दादा, राग बरोबरच आहे, पण तो चुकीच्या तारेवर निघायलाय. हिशोब बघा. बांगलादेशला वीज जायचे रस्ते तीन, एक पश्चिम बंगालच्या बहरमपूरहून भेडामाराला (२०१३ ला सुरू झाला तेव्हा ५०० मेगावॅट, पुढं १००० झाला), दुसरा त्रिपुराहून कुमिल्ल्याला १६० मेगावॅट, तिसरा झारखंडच्या गोड्ड्याच्या प्रकल्पाचा, त्याचा आकार १६०० मेगावॅट. सगळं पूर्ण ताकदीनं चाललं तरी पावणेतीन हजाराच्या आसपास. आणि आपल्या देशाची मागणी मे २०२४ मधे एका दिवशी अडीच लाख मेगावॅटला टेकली होती. म्हणजे शंभरातला एक भाग, आणि तोही फुकट नाही, विकत.

तुमची रात्रीची लाईट वेगळ्या कारणानं आहे. शेतीचे फीडर (शेतीला वीज नेणाऱ्या लाईन) दिवस-रात्र अशा पाळीनं चालवतात, डीपी (ट्रान्सफॉर्मर) आधीच ओव्हरलोड, आणि शेतीची वीज स्वस्त दरानं द्यायची असल्यामुळं दिवसा महाग वीज विकत घेऊन ती तुमच्या मोटारीला द्यायला कुणी राजीखुशीनं तयार होत नाही. उद्या बांगलादेशची लाईन कापली तरी औशाच्या फीडरचं टाइमटेबल बदलणार नाही. सोलर फीडर झाला तर बदलेल, आणि तो प्रश्न ढाक्याला नाही, मुंबईला विचारायचा.

प्रश्न (लातूर, एमपीएससीचा अभ्यास करणारा): भूतानमधे भारतानं धरणं बांधली, नेपाळमधेही बांधतोय. याला मदत म्हणायचं का इन्व्हेस्टमेंट? क्लासमधे सर एक सांगतात, यूट्यूबवाले दुसरंच.

उत्तर: दोन्ही, पण प्रमाण बदलत गेलंय, आणि खरा अभ्यास त्या प्रमाणाचाच आहे. भूतानचा चुखा प्रकल्प, ३३६ मेगावॅट, १९७४ चा करार आणि १९८० च्या दशकात वीज सुरू. त्यात भारताचा ६० टक्के पैसा अनुदान होता, परत करायचा नाही, आणि ४० टक्के ५ टक्के व्याजाचं कर्ज. ताला प्रकल्पालाही (१०२० मेगावॅट) हेच प्रमाण होतं. मग आला मांगदेछू, ७२० मेगावॅट, २०१९ ला उद्घाटन, तिथं अनुदान ३० टक्क्यावर आलं, कर्ज ७० वर गेलं आणि व्याज १० टक्के. आता तर टाटा पॉवरनं भूतानच्या सरकारी कंपनीसोबत ६०० मेगावॅटच्या खोरलोछूत ४० टक्के वाटा घेतलाय, तिथं अनुदानाचा विषयच नाही, सरळ धंदा.

म्हणून परीक्षेत "मदतीकडून भागीदारीकडे" असं गुळगुळीत लिहून येऊ नका, आकडे लिहा. आणि भूतानला हा सौदा परवडतो त्याचं एक कारण पुस्तकात सापडत नाही. भूतानचं चलन न्गुल्ट्रम आपल्या रुपयाला एकास एक बांधलेलं आहे. कर्ज रुपयात, वीजविक्री रुपयात, डॉलर वर गेला काय खाली आला काय, हप्त्याला धक्का नाही. मांगदेछूच्या विजेचा दर ठरला तोही रुपयात, युनिटला ४ रुपये १२ पैसे.

पण सगळं गोड नाही. पुनात्सांगछू-१, १२०० मेगावॅट, २००८ च्या आसपास काम सुरू झालं, २०१३ ला धरणाच्या जागी उजव्या बाजूचा डोंगर सरकायला लागला आणि तेव्हापासून काम रखडलं, खर्च दुपटीच्याही वर गेला. त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपात भूतानच्याच डोक्यावर बसतो. आपल्याकडं गुत्तेदार रखडवतो, तिकडं हिमालय रखडवतो, व्याज मात्र दोन्हीकडं चालूच राहतं.

नेपाळचं गणित वेगळं. अरुण-३, ९०० मेगावॅट, सतलज जलविद्युत निगम नावाची आपली सरकारी कंपनी बांधतेय (केंद्र आणि हिमाचलची मिळून आहे ती), पायाभरणी मे २०१८ ची. नेपाळला २१.९ टक्के वीज फुकट, बाकीची कंपनी विकणार, आणि २५ वर्षं चालवून प्रकल्प नेपाळच्या ताब्यात द्यायचा. सवलत-बिवलत काही नाही, हिला इन्व्हेस्टमेंटच म्हणायचं.

चीनबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. भारताचा नियम असा की ज्या देशाची आपल्याशी जमिनीची हद्द आहे पण विजेचा करार नाही, त्याची मालकी असलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही. नाव लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळतं. याचा परिणाम फार झाला. नेपाळचा पश्चिम सेती प्रकल्प चिनी कंपनीनं २०१८ ला सोडला, तो २०२२ ला आपल्या एनएचपीसी या सरकारी जलविद्युत कंपनीकडं आला. वीज तुम्ही कुठंही बनवा, गिऱ्हाईक एकटं भारत असंल तर पैसा कुणाचा चालंल हेही तेच गिऱ्हाईक ठरवतं. नेपाळच्या लोकांना हे झोंबतं आणि मला तरी त्यांचं चूक वाटत नाही. म्हणूनच त्या ४० मेगावॅटचं नेपाळमधे एवढं कौतुक झालं. ऑक्टोबर २०२४ ला तिन्ही देशांनी सही केली, दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट, मोजणी मुजफ्फरपूरला, आणि वीज फक्त १५ जून ते १५ नोव्हेंबर. चाळीस मेगावॅट म्हणजे काहीच नाही, पण दुसरं गिऱ्हाईक मिळालं ना. तेही भारताच्या तारेवरूनच, हा भाग वेगळा.

प्रश्न (जालना, स्टील मिलचे भागीदार): आमचं एका महिन्याचं बिल राहिलं की लगेच नोटीस, लगेच कट. बांगलादेशनं हजारो कोटी थकवले म्हणतात, त्याचं कनेक्शन कापलं का? का मोठ्याला वेगळा न्याय?

उत्तर: कापलं नाही, पण अर्धं केलं. गोड्ड्याचा अदानीचा प्रकल्प ८०० चे दोन संच, २०१७ चा २५ वर्षांचा करार, आणि सगळीच्या सगळी वीज एकट्या बांगलादेशसाठी. कोळसा बाहेरून जहाजानं ओडिशाच्या धामरा बंदरात, तिथून रेल्वेनं झारखंडला. वीज २०२३ पासून जायला लागली. पुढं बांगलादेशकडं डॉलरची टंचाई, थकबाकी साचली, ऑगस्ट २०२४ ला तिकडं सरकार पडलं, आणि नोव्हेंबरच्या तोंडाला पुरवठा जवळपास निम्म्यावर आणला. कोळशाचा भाव कोणत्या हिशोबानं लावायचा यावरही वाद.

पण तुमच्यासारख्या धंदेवाल्यानं बघायची गोष्ट दुसरीच आहे. हा प्रकल्प आपल्या ग्रिडला जोडलेलाच नव्हता, तार सरळ हद्दीपार. म्हणजे गिऱ्हाईकानं पैसे दिले नाहीत तर माल दुसऱ्याला विकायची सोय नाही, भट्टी तापलेली आणि ट्रक लावायला गेट एकच. म्हणून ऑगस्ट २०२४ मधेच भारत सरकारनं नियम बदलला, की अशा प्रकल्पाला पैसे थकले तर वीज देशात विकता येईल. नियम बदलला त्याच महिन्यात शेजारचं सरकार पडलेलं, यातून काय समजायचं ते तुम्ही समजा. बांगलादेशात हा करार महाग पडला अशी ओरड आहे आणि ती अगदीच हवेतली नाही, कोळशाचा सगळा भार विकत घेणाऱ्यावर टाकलेला करार आहे तो. वीज वापरा नाहीतर नका वापरू, ठरलेला आकार द्यायचाच. तुमच्या बिलातला डिमांड चार्ज आठवा, तोच प्रकार, फक्त डॉलरमधे.

याच्या उलट रामपालचा प्रकल्प बघा. खुलन्याजवळ, १३२० मेगावॅट, एनटीपीसी ही आपली सरकारी वीज कंपनी आणि बांगलादेशचं वीज मंडळ अर्धे अर्धे भागीदार. तिथं भांडण होत नाही असं नाही, सुंदरबनजवळ कोळसा जाळायचा म्हणून पर्यावरणवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. पण तोटा झाला तर दोघांचा, त्यामुळं बिलावरून एकमेकाची वीज कापायचा प्रसंग तसा कमी.

प्रश्न (भूम, जिल्हा धाराशिव, शिक्षिका): आमच्या माळावर पवनचक्क्या झाल्या, टावर झाले, रस्ते उखडले. शेतकऱ्याला एकदा पैसे मिळाले आणि विषय संपला. नेपाळमधे धरण होतं तिथल्या गावाला काय मिळतं हो?

उत्तर: ताई, सगळ्या पत्रात मला आवडलेला प्रश्न हा. नेपाळमधे जलविद्युत कंपनी शेअर बाजारात उतरते तेव्हा १० टक्के शेअर प्रकल्पबाधित भागातल्या लोकांसाठी राखून ठेवायची पद्धत आहे, शंभर रुपये दर्शनी किमतीनं. म्हणजे ज्याच्या नदीवर धरण तो थोडासा का होईना मालक. पोस्टरवर दिसतं तितकं हे सोपं नाही, शेअर घ्यायला पैसे लागतात, गरीब माणूस उसने काढून घेतो आणि थोड्या दिवसात विकून टाकतो, आणि नदीला पाणी कमी आलं की कंपनीचा नफाही आटतो. तरी आपल्या भूम, वाशी, पाटोद्याकडं वाऱ्याचा मालक म्हणून कुणाला एक शेअर मिळालाय का? माझ्या ऐकिवात नाही. कंपन्या येतात, दलाल येतात, सातबारा बघून भाव ठरवतात.

टावरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा आणि गावात सांगा. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं मोठ्या लाईनच्या टावरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला धरलाय. आधी हे ८५ आणि १५ होतं. सूचना आहेत, राज्यानं त्या कशा लावल्या ते तहसीलला लेखी विचारायचं, तोंडी नाही. आणि सही करायच्या आधी विचारायचं, नंतर विचारून उपयोग नसतो.

प्रश्न (परळी वैजनाथ, थर्मलमधून म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रातून रिटायर): २०१५ ला पाण्यावाचून आमचे संच बंद पडले होते. हिमालयात एवढं पाणी आहे, तिकडचीच वीज घ्या आणि इथलं पाणी शेतीला ठेवा, असं काहून करत नाहीत?

उत्तर: काका, तिकडची वीज ग्रिडमधे येतेच, कुठल्या दिव्यात कुठली वीज ते मात्र कुणी सांगू शकत नाही. अडचण वेळेची आहे. नेपाळ-भूतानचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नाही. जून ते ऑक्टोबर विजेचा महापूर आणि जानेवारी-फेब्रुवारीत नद्या आटल्या की तेच देश आपल्याकडून वीज घेतात, म्हणजे थर्मलचीच घेतात. आपल्याकडं रब्बीच्या मोटारी नेमक्या तेव्हा चालू असतात.

पण पाऊस दगा देतो त्या वर्षी चित्र पालटतं. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आपल्याकडं सोयाबीन करपून गेलं, सगळ्यांनी मोटारी चालू केल्या आणि १ सप्टेंबरला देशाची मागणी तोपर्यंतच्या उच्चांकाला, २ लाख ४० हजार मेगावॅटला गेली. अशा महिन्यात हिमालयातला प्रत्येक मेगावॅट कामाचा. जानेवारी २०२४ ला नेपाळशी दहा वर्षांत १० हजार मेगावॅट घेण्याचा करार झाला. तेवढं सगळं आलं तरी थंडीतली वीज परळीसारख्यांनाच द्यावी लागंल, आणि त्याला पाणी लागंलच.

प्रश्न (धर्माबाद, जिल्हा नांदेड): महाकाली नदीवर भारत-नेपाळ मिळून मोठं धरण करणार होते, त्याचं काय झालं?

उत्तर: पंचेश्वर. करार फेब्रुवारी १९९६ चा, तीनशे मीटरवर उंचीचं धरण, आणि अजून एक वीट नाही. वीज अर्धी अर्धी यावर फार भांडण नाही, भांडण पाण्याच्या फायद्याचं, म्हणजे सिंचन कुणाचं किती धरायचं आणि त्याप्रमाणं खर्च कुणी किती द्यायचा.

तुम्ही गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या शेजारचे, तुम्हाला हे समजवायची गरज नाही. तिथं एकाच देशातली दोन राज्यं, तरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१३ ला निकाल लागला आणि आता १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. डोळ्यादेखत पाणी वाहून जातं म्हणून तुम्ही चिडता, पण निदान निकाल देणारं कुणीतरी होतं. भारत-नेपाळच्या मधे असं कोर्ट नाही, दोघांचं पटलं तरच. त्यात १९५४ चा कोसी करार आणि १९५९ चा गंडक करार, या दोन्हीत आपण फसलो ही भावना नेपाळमधे घट्ट बसलेली. त्यामुळं तिथला कुठलाच पुढारी पंचेश्वरवर पटकन सही करायला धजत नाही.

प्रश्न (वैजापूर, टँकर ड्रायव्हर): पानेवाडीहून टँकर भरतो. नेपाळला पेट्रोल-डिझेल पाइपलाइननं जातं म्हणतात, खरं का? मग टँकरवाल्यांचं काय?

उत्तर: खरं आहे भाऊ. बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटर, पैसा इंडियन ऑइलचा, सप्टेंबर २०१९ ला सुरू. त्याच्या आधी रक्सौलच्या नाक्यावर टँकरची रांग ठरलेली. अशीच दुसरी लाईन सिलिगुडीहून बांगलादेशच्या पार्बतीपूरला, १३१ किलोमीटर, मार्च २०२३ ला सुरू, त्यातून डिझेल जातं.

गंमत अशी की २०१५ च्या शेवटी हद्दीवर नाकेबंदी झाली, काठमांडूत पेट्रोलला रांगा, गॅसला रांगा, तेव्हा नेपाळनं चिडून चीनच्या कंपनीशी तेलाचा करार केला होता. पण हिमालय ओलांडून तेल आणायचा खर्च कुठून काढणार? चार वर्षांत पाइपलाइन झाली ती भारताकडूनच. स्वस्त पडते, गळती-चोरी कमी, भेसळ कमी. व्हॉल्व्ह मात्र मोतिहारीला.

आणि तुमच्या धंद्याचं म्हणाल तर अमलेखगंजहून पुढं डोंगरातून काठमांडूपर्यंत तेल अजून टँकरनंच जातं.