खापराचं वय कार्बनवरून निघेल का?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळ पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला लागून तुमचं शेत आहे, तिथं पाया खणताना राख, जळके दाणे, हाडं आणि खापरं लागली, तर खापर प्रयोगशाळेत देऊन वय कळेल का, असं तुम्ही विचारलंय. खापराचं नाही कळणार दादा. दाण्यांचं कळेल.

झाड असो की जनावर, जिवंत आहे तोवर हवेतला कार्बन अंगात येत राहतो. त्यात एक लाख कोटी अणूंमागे साधारण एक कार्बन-१४ चा, म्हणजे हळूहळू आपोआप नष्ट होणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचा असतो. जीव गेला की नवी भर थांबते आणि आहे तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. सातवाहनकाळातल्या, दोन हजार वर्षांच्या दाण्यात सुमारे ७८ टक्के उरलेला सापडेल. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये इजिप्तच्या थडग्यांतली, वय आधीच माहीत असलेली लाकडं मोजून ही पद्धत पारखली. माती मात्र कधी जिवंत नव्हती. वेरूळचंही तसंच आहे: दगड साडेसहा कोटी वर्षांचा, पण लेणं कधी कोरलं ते तो सांगत नाही. गिलाव्यात कालवलेले झाडाचे तंतू मोजता येतात.

कोळशापेक्षा दाणा बरा, हे मी आवर्जून सांगतो. कोळसा जुन्या खोडाच्या गाभ्याचा किंवा पडक्या घराच्या तुळईचा असला, तर तारीख शंभर-दोनशे वर्षं मागं सरकते. दाणा एका हंगामाचा असतो. हाडांतलं कोलाजेन, म्हणजे ज्यावरून हाडाचं वय काढतात ते प्रथिन, आपल्या उष्ण जमिनीत बहुतेकदा नासतं.

आता हात आवरा, ही कळकळीची विनंती. दाणे धुऊ नका, तेल लावू नका. ताज्या तेलातला कार्बन वय कमी दाखवतो. खापरं फेविकॉलनं जोडायची तर अजिबात नाही. तो खनिज तेलापासून बनतो, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, म्हणून खापराला चिकटलेली काजळी मोजली तर ती आहे त्याहून जुनी दिसेल. उसाची बारीक मुळंही दाण्यांत शिरलेली असतात, ती प्रयोगशाळेत काढतात. जे बाहेर आलंय ते कोरड्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा.

बाकीचं खड्ड्यातच राहू द्या. दाणे खापरांच्या खालच्या थरात होते की वरच्या, हे कळल्याशिवाय दाण्यांची तारीख खापराला लावता येत नाही, आणि थर एकदा उपसला की तो परत रचता येत नाही. काम थांबवून तहसील कार्यालयात आणि राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. खड्ड्याच्या भिंतीचे फोटो मोजपट्टी टेकवून आजच काढा, पाऊस झाला की भिंत ढासळेल.