बायबल कॉलेजात नाव घालण्याआधी त्यांची शिकवण कशी तपासायची?

जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळ राहता, मुलगा यंदा बारावी झाला आणि त्याला दक्षिणेतल्या एका बायबल कॉलेजात बी.टीएच. (ईश्वरविज्ञानाची पदवी) करायला जायचंय. फॉर्मच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत बारा कलमांचा विश्वासनामा (संस्था काय मानते त्याची यादी) आहे, त्याखाली मुलाची सही मागितली आहे. घरातले म्हणतात, ख्रिस्ती कॉलेज म्हणजे ख्रिस्तीच, त्यात काय बघायचं. तुमचं मन मात्र नवव्या कलमाशी अडकलंय: मत जुळलं नाही तर विद्यार्थ्याला काढून टाकता येईल, असं ते म्हणतं.

अडकलंय ते बरं झालं. मी वेंगुर्ल्याची. एकोणिसाव्या वर्षी अशाच एका कागदावर मी सही केली होती, तीही अभिमानानं, घोटीव अक्षरात. कॉलेजचं नाव सांगत नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं. अकरा कलमं होती. पाचव्यात स्पष्ट लिहिलं होतं की बाप्तिस्मा फक्त स्वतः विश्वास धरलेल्यांचा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. मी ते वाचलं होतं. मला वाटलं, ही त्यांची पद्धत, आपली आपल्यापाशी. बाबांनी विचारलं, "सगळा वाचलंस मां गो?" मी हो म्हटलं आणि कुडाळहून गाडीत बसले.

दुसऱ्या सत्रात नोटीस बोर्डावर यादी लागली: येत्या शनिवारी नदीवर बाप्तिस्मा घेणारे विद्यार्थी. चौदा नावं, सातवं माझं. मी तीन महिन्यांची असताना आमच्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला होता. त्या दिवशीचं पांढरं झबलं आजीनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं, डांबरगोळ्यांच्या वासाचं ते झबलं मी लहानपणी कितीदा तरी बाहेर काढून बघितलेलं. मंडळीच्या रजिस्टरात नाव आहे, पाळकसाहेबांची सही आहे. वॉर्डनबाईंना हे सांगितलं तर त्या मायेनंच म्हणाल्या, "अगं, ते बाळाचं नाव ठेवणं झालं. तो बाप्तिस्मा नव्हे." प्राचार्यांकडे गेले. त्यांनी फाइल उघडली आणि माझी सही माझ्यापुढे ठेवली. मी नदीवर गेले नाही, वर्ष पुरं करून घरी आले. फी गेली ती गेलीच. पण का परत आलीस, असं आजीनं विचारलं तेव्हा माझी जीभ उचलेना. तिनं मांडीवर धरून करून घेतलेला बाप्तिस्मा कुणीतरी खोटा ठरवला, हे तिला कसं सांगायचं?

तेव्हापासून आमच्या तरुण संघातलं कुणीही असा फॉर्म घेऊन आलं की मी त्याला आधी एक गोष्ट विचारायला लावते: यातलं एखादं कलम ज्याला पटत नाही, अशा विद्यार्थ्याचं तुमच्याकडे पुढे काय होतं? कलमं वाचायचीच आहेत, पण कॉलेज कसं आहे ते या उत्तरावरून जास्त कळतं.

आता घरातल्यांच्या म्हणण्याबद्दल. नुसतं 'ख्रिस्ती कॉलेज' म्हटलं की त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. मुंबईचं विल्सन कॉलेज, १८३२ साली जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या शाळेतून वाढलेलं, किंवा अहमदनगर कॉलेज: इथे विद्यापीठाचा अभ्यासक्रम, सगळ्या धर्मांची मुलं, आणि विश्वासनाम्यावर कुणी सही मागत नाही. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो वयानं सज्ञान नसेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं. तुमच्या मुलाचं कॉलेज त्यातलं नाही. ते सेवकच घडवायला काढलेलं आहे, त्यामुळे तिथे शिकवण हाच अभ्यास. त्यांनी सही मागणं गैर नाही. तुम्ही ती देण्याआधी चार प्रश्न विचारणंही गैर नाही.

आपल्याच किनाऱ्यावर बघा ना. कोर्लईचे कॅथलिक पोर्तुगीज काळापासूनचे, त्यांची घरातली बोलीसुद्धा अजून पोर्तुगीज वळणाची. १८२३ मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनरी उतरले, पुढे हर्णैला त्यांचं काम होतं, खुद्द जॉन विल्सन आधी हर्णैला मराठी शिकले. आमच्या वेंगुर्ल्याचं मिशन हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. आणि आता जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल सहभागिता आहेत. सगळे येशूला प्रभू म्हणतात. पण बाळाला पाणी लावायचं की नाही, प्रभुभोजनात नेमकं काय घडतं, बाईनं वेदीवर उभं राहावं की नाही, इथे आले की वाटा फुटतात. कॉलेजच्या पाटीवरच्या 'ख्रिस्ती' या शब्दातून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून आधी तुमच्या मंडळीचा विश्वास घरी नीट समजून घ्या. प्रेषितांचा मतांगीकार आणि निकिया मतांगीकार, म्हणजे मंडळीत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या दोन जुन्या कबुल्या, पाळकसाहेबांकडून मागून घ्या आणि मुलासोबत बसून वाचा. निकियाचा पाया ३२५ सालच्या परिषदेतला, पुढची भर ३८१ ची. कॅथलिक, अँग्लिकन, लूथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन सगळे तो मानतात. कॉलेजचा विश्वासनामा त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव याबद्दल, याच्याशी जुळत नसेल, किंवा बाप्तिस्मा फक्त 'येशूच्या नावानं'च खरा असं म्हणत असेल, तर तो फरक पद्धतीचा नाही, मुळाचा आहे. तिथे थांबा.

बाप्तिस्म्याचं माझं सांगून झालंच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं, आणि त्यात बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा दोन्ही चालतात. म्हणजे दोन मतांनी एका छताखाली राहणं अशक्य नाही. कॉलेजला एवढंच विचारा: माझ्या मुलाचा बालपणीचा बाप्तिस्मा तुम्ही मानता का? पदवी मिळण्याआधी पुन्हा घ्यावा लागेल का? उत्तर लेखी घ्या.

पवित्र शास्त्राबद्दलच्या कलमात एकेका शब्दाला वजन असतं. 'इनएरंट' लिहिलं असेल तर अर्थ असा की मूळ लेखनात इतिहास-विज्ञानासकट कुठेही चूक नाही. १९७८ चं शिकागोचं जाहीरनामावजा निवेदन याच मताचं. 'तारणाच्या व आचरणाच्या बाबतीत अंतिम अधिकार' एवढंच असेल तर भूमिका जास्त मोकळी. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजशी (त्याच्या पदवीबद्दल पुढे सांगते) संलग्न कॉलेजात तुमचा मुलगा पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, कसे रचले गेले याचे वेगवेगळे सिद्धांत अभ्यासेल. इनएरंट मानणाऱ्या कॉलेजात बहुधा त्यांचं खंडन आधी शिकेल. सहा दिवसांच्या उत्पत्तीबद्दलही विचारा, कारण बारावी सायन्स केलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात तो प्रश्न पडणार.

पवित्र आत्म्याचं कलम तर फारच जपून वाचा. असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या पेंटेकॉस्टल मंडळ्या अन्यभाषा बोलणं, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलणं, हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं पहिलं बाह्य चिन्ह मानतात, तर काही मंडळ्या म्हणतात की ती दानं प्रेषितांच्या काळाबरोबरच संपली. दोन्हीकडे चांगली, प्रार्थनाशील माणसं आहेत. पण अन्यभाषा न बोलणारा अठरा वर्षांचा मुलगा जर रोजच्या चॅपलमध्ये 'तुझ्यात काहीतरी कमी आहे' असं ऐकत राहिला तर त्याचं काय होतं ते मी होस्टेलच्या खोलीत बघितलंय. माझी खोलीसोबतीण रात्री उशीत तोंड खुपसून शब्द जुळवायचा प्रयत्न करायची, म्हणजे सकाळी प्रार्थनेत बाहेर पडतील. ती मला अजून विसरता येत नाही.

शब्बाथ शनिवारी पाळणारं ॲडव्हेंटिस्ट कॉलेज असेल, पुण्याच्या स्पायसरसारखं, तर मेसमध्ये शाकाहार असेल हेही जाणून असा. आपल्या मुलाला बांगडा माशाशिवाय राहावं लागेल ही लहान गोष्ट वाटते, पण त्यामागेही शिकवण आहे आणि ती त्याला ठाऊक असायला हवी. मुलगी असेल तर स्त्रियांच्या दीक्षेबद्दल, म्हणजे त्यांना पाळक नेमण्याबद्दल, विचारलंच पाहिजे. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये नंद्यालला एक बाई बिशप झाल्या, आणि अशी कॉलेजं आजही आहेत जिथे मुलींना उपदेशशास्त्राच्या वर्गात बसता येतं पण उपदेश करता येत नाही.

पदवीचं थोडक्यात सांगते. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार ज्यांना कायद्यानं मिळाला आहे त्यांनाच असतो. ईश्वरविज्ञानात आपल्याकडे तो प्रामुख्यानं सेरामपूरचा: विल्यम केरी व सोबत्यांचं १८१८ चं कॉलेज, डॅनिश राजाची १८२७ ची सनद आणि १९१८ चा बंगालचा कायदा. (मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणारे तेच हे केरी.) एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता शिक्षणाच्या दर्जाबद्दल बरंच सांगते, पण ती सरकारी मान्यता नव्हे. मुलाला उद्या आपल्या मंडळीत पाळक व्हायचं असेल तर ही पदवी दीक्षेसाठी चालते का, ते धर्मप्रांताकडून किंवा तुमच्या चर्च कौन्सिलकडून आताच लिहून घ्या. तीन वर्षांनी विचारलं तर उशीर झालेला असतो.

आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की असे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास. पंडिता रमाबाईंची आठवण काढा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्याच भगिनींशी त्यांनी पत्रांमधून त्रैक्यावर, मंडळीच्या अधिकारावर वाद घातला. नुसतं मंडळी सांगते म्हणून मान्य, असं त्यांनी म्हटलं नाही. त्या बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. त्यांच्या विश्वासाला कमी कोण म्हणेल?

जमलं तर मुलाला घेऊन दोन दिवस तिथे राहून या. प्राचार्यांच्या केबिनपेक्षा चॅपलमध्ये जास्त वेळ बसा आणि प्रार्थना कशासाठी होतात ते ऐका. इतर मंडळ्यांचा उल्लेख कसा होतो? आजारी माणूस बरा झाला नाही तर दोष कुणाच्या माथी जातो? दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) न देणाऱ्याला काय ऐकावं लागतं? ग्रंथालयात जा. आपल्या मताविरुद्धची पुस्तकं उघड्या शेल्फवर आहेत की कपाटात कुलुपात, हे बघितल्यावर मला पुष्कळ कळतं. माझ्या कॉलेजात कुलूप होतं आणि किल्ली वॉर्डनबाईंकडे. मग तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना कँपसबाहेर चहाला न्या. जी मुलं मधेच सोडून गेली त्यांच्याबद्दल ती काय बोलतात, आणि कोणत्या सुरात बोलतात, ते ऐका.

आता तुमचं नववं कलम. तुम्ही त्याचा अर्थ दिलाय तो असा: संस्थेच्या विश्वासाशी विसंगत मत किंवा आचरण आढळल्यास विद्यार्थ्याला काढून टाकण्याचा अधिकार संस्थेला राहील. 'आचरण' समजू शकते. 'मत' या शब्दाशी मी अडते. वर्गात शंका विचारली तर ते मत होतं का? मनात शंका आहे, पण कुणाला शिकवत नाही, तेही? आणि ठरवणार कोण?

सही करण्याआधी मुलाच्याच नावानं त्यांना असा ईमेल पाठवा: "आदरणीय प्राचार्य, माझा बाप्तिस्मा बालपणी आमच्या मंडळीत झाला आहे आणि मी त्याच मंडळीचा सभासद राहणार आहे. कलम ९ मधील 'मत' या शब्दात वर्गात विचारलेली शंका येते का? आजवर या कलमाखाली कुणाला जावं लागलं असल्यास निर्णय कुणी घेतला, आणि विद्यार्थ्याला आपली बाजू मांडता आली का? फी परत मिळाली का?" इंग्रजी त्यानं स्वतः करावं, तुम्ही नको. आणि ती बाराही कलमं त्यानं एकदा स्वतःच्या मराठीत वहीत उतरवावीत. ज्या कलमाचं मराठी त्याला जमणार नाही, ते त्याला अजून कळलेलं नाही असं समजून पाळकसाहेबांकडे जा.

चांगल्या कॉलेजातून अशा पत्राला उत्तर येतं, कधी फोनही येतो. उत्तर आलं की मला इथेच कळवा, जमलं तर त्यांच्याच शब्दांत. पुढच्या महिन्याची मुदत आहे म्हणालात, म्हणजे पत्र याच आठवड्यात जायला हवं.